जुन्या प्रश्नपत्रिका काय सांगतात?
भौतिकशास्त्राच्या उजळणीचे थोडे गणित

जानेवारी महिना लागला की दहावीच्या वर्गात ‘आयएमपी’ हा शब्द वरचेवर ऐकू येऊ लागतो. ‘सर, यंदा काय आयएमपी आहे?’ हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि बरेचदा शिक्षकही एकमेकांना विचारतात. मग जुन्या प्रश्नपत्रिका कपाटातून बाहेर निघतात. ‘होपचे उपकरण गेल्या वर्षी आले नाही, म्हणजे यंदा नक्की’, ‘विद्युत चलित्राची आकृती एक वर्ष आड येते’, असे अंदाज बांधले जातात. हे अंदाज कितपत खरे मानावेत, आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा याहून चांगला उपयोग करता येईल काय, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील शाळांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्यातील इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. लगेच धानाची रोवणी येते आणि वर्गातील काही बाके रिकामी पडू लागतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. दिवाळीच्या आगेमागे धान कापणीला येते, आणि त्यानंतर झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम सुरू होतो. (रात्रभर नाटक पाहून आलेल्या मुलाला सकाळच्या पहिल्या तासिकेला भिंगाचे सूत्र शिकवण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना अधिक सांगायला नको.) शेवटी पूर्वपरीक्षा आणि बोर्डाची परीक्षा यांच्यामध्ये पाच-सहा आठवडे उरतात. आठवड्याला चार तासिका धरल्या तर वीस ते चोवीस तासिका झाल्या. एवढ्या वेळात संपूर्ण पुस्तक पुन्हा शिकवणे शक्य नसते. काहीतरी अधिक घ्यावे लागते, काहीतरी कमी. हा निर्णय चुकला तर त्याची किंमत बहुधा त्याच मुलाला मोजावी लागते, ज्याच्याजवळ शिकवणी नाही, इंटरनेटची खात्री नाही आणि शाळेच्या तासिकेखेरीज दुसरा आधार नाही.

हाताशी प्रश्नपत्रिका किती?

प्रथम आपल्याजवळ पुरावा किती आहे ते पाहू. दहावीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ हे पाठ्यपुस्तक जून २०१८ पासून लागू झाले आणि त्यावरची पहिली बोर्ड परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली. २०२१ साली करोनाच्या साथीमुळे परीक्षाच झाली नाही. २०२२ ची परीक्षा झाली, पण पंचवीस टक्के अभ्यासक्रम वगळून. म्हणजे २०१९ ते २०२५ या सात वर्षांत मुख्य परीक्षेच्या प्रश्नपत्रिका भरतात सहा, आणि त्यांतलीही एक अपुऱ्या अभ्यासक्रमावरची. पुरवणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका मिळवल्या तर संख्या वाढते आणि त्या अवश्य मिळवाव्यात. तरीही हा साठा लहानच आहे. त्याआधीच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या पुस्तकावरच्या असल्यामुळे त्या यात मिसळणे योग्य नाही.

सहा निरीक्षणांवरून ‘कल’ दिसतो असे म्हणणे किती धोक्याचे आहे, हे वर्गातच करून दाखवता येते. चाळीस विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाला एक नाणे सहा वेळा उडवायला सांगा. छापा पडला तर ‘प्रश्न आला’, काटा पडला तर ‘प्रश्न आला नाही’, अशी नोंद क्रमाने करू द्या. सहा वेळच्या नोंदींचे एकूण ६४ वेगवेगळे क्रम होऊ शकतात आणि ते सारे सारख्याच शक्यतेचे असतात. त्यांपैकी दोन क्रम ‘एक वर्ष आड’ प्रकारचे (छापा-काटा-छापा-काटा असे किंवा त्याच्या उलट), एक ‘दरवर्षी’चा आणि एक ‘कधीच नाही’चा. म्हणजे ६४ पैकी ४, सोळात एक. चाळीस मुलांच्या वर्गात असा नेमका क्रम सरासरीने दोन-तीन मुलांच्या वहीत सापडेल. निदान एका वहीत तो सापडण्याची शक्यता शंभरात नव्वदांहून अधिक आहे.

त्या मुलाच्या नाण्याला काही विशेष सवय आहे असे कोणी म्हणणार नाही. पुस्तकातील भौतिकशास्त्राच्या प्रकरणांतूनही परीक्षेत विचारता येण्याजोगे चाळीसएक मुद्दे सहज निघतात. प्रत्येक मुद्दा एखाद्या वर्षी येण्याची शक्यता निम्मी धरली, तर त्यांतील दोन-तीन मुद्दे निव्वळ योगायोगाने ‘एक वर्ष आड’, ‘दरवर्षी’ किंवा ‘कधीच नाही’ अशा साच्यात बसलेले दिसतील. आपण तेवढेच बघतो, त्यांचीच चर्चा करतो, आणि बाकीचे सदतीस मुद्दे विसरून जातो.

प्रश्नपत्रिका काढणारी माणसे आहेत, नाणी नव्हेत, असा आक्षेप येथे कोणी घेईल आणि तो रास्त आहे. मागच्या वर्षीचा प्रश्न जसाच्या तसा न घालण्याकडे काढणाऱ्याचा ओढा असू शकतो. पण तो आहे किंवा नाही, हे सहा प्रश्नपत्रिकांवरून सिद्ध करता येत नाही. शिवाय ‘गेल्या वर्षी आला नाही म्हणून यंदा येणार’ आणि ‘दोन वर्षे सलग आला म्हणून यंदाही येणार’ ही दोन्ही विधाने एकाच खोलीत, एकाच दिवशी, कधी कधी एकाच तोंडून निघतात. दोन्ही नियम एका वेळी खरे असू शकत नाहीत.

थोड्या निरीक्षणांवरून शक्यता किती मानावी यासाठी फ्रेंच गणिती लाप्लास याने अठराव्या शतकात एक साधा नियम दिला होता. एखादी गोष्ट जितक्या वेळा घडली त्यात १ मिळवायचा, एकूण निरीक्षणांत २ मिळवायचे, आणि भागायचे. सहापैकी सहा प्रश्नपत्रिकांत आलेल्या मुद्द्याची पुढच्या वेळची शक्यता या नियमाने ८ पैकी ७ येते, पूर्ण १ नव्हे. एकदाही न आलेल्या मुद्द्याची शक्यता ८ पैकी १ येते, शून्य नव्हे. नियम ढोबळ आहे. पण ‘नक्की येणार’ आणि ‘येणारच नाही’ हे दोन्ही शब्द शिक्षकाने का वापरू नयेत, ते तो चांगले सांगतो.

स्थिर काय असते?

मग जुन्या प्रश्नपत्रिकांत विश्वासाने घेण्यासारखे काहीच नाही काय? आहे, आणि ते पुष्कळ आहे. विशिष्ट प्रश्न बदलतो, पण प्रश्नपत्रिकेचा आराखडा बदलत नाही. विज्ञान भाग १ चा पेपर ४० गुणांचा व दोन तासांचा. त्यात पहिल्या प्रश्नाचे १० गुण विकल्पाविना आहेत. पुढे शास्त्रीय कारणे तीनपैकी दोन, दोन गुणांचे प्रश्न पाचपैकी तीन, तीन गुणांचे आठपैकी पाच आणि पाच गुणांचा दोनपैकी एक. या सर्वांची बेरीज केली तर छापलेले प्रश्न ६० गुणांचे होतात आणि विद्यार्थ्याला त्यांतले ४० गुणांचे सोडवायचे असतात.

म्हणजे सुमारे २० गुणांची उसंत प्रत्येकाला मिळालेली आहे. एखादे प्रकरण कच्चे राहिले तर ही उसंत सांभाळून घेते. पण तीच उसंत दोन-तीन प्रकरणे सोडून देण्यात खर्च केली, तर परीक्षेच्या दिवशी निवडीला काही उरत नाही, आणि पहिल्या प्रश्नात तर निवड नाहीच. त्यातच या पेपरात रसायनशास्त्रही आहे. दहा प्रकरणांपैकी गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे व त्यांचे उपयोग आणि अवकाश मोहिमा ही सहा आपल्या विषयाची. उरलेल्या चारांतही काही कच्चे राहणारच, हे विसरून चालत नाही.

प्रत्येक प्रकरणाला मिळणारा एकूण वाटाही सुट्या प्रश्नांपेक्षा खूपच स्थिर असतो, कारण प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला सर्व प्रकरणांना न्याय द्यावा लागतो. ‘भिंगे’ या प्रकरणावर काहीतरी येणार हे भाकीत जवळजवळ सुरक्षित आहे. त्यावर निकटदृष्टितेची आकृती येणार, हे नाही. आपण जितके बारीक भाकीत करू लागतो तितका पुरावा तोकडा पडत जातो.

तक्ता कसा करावा

एक मोठा कार्डशीट घ्यावा. उभ्या स्तंभांत प्रश्नपत्रिकांची वर्षे लिहावीत. २०२२ चा स्तंभ वेगळ्या शाईने आखावा, कारण त्या वर्षी एखादा मुद्दा दिसला नाही याचे कारण तो वगळलेल्या भागात होता, एवढेच असू शकते. आडव्या ओळींत प्रकरणांची नावे न लिहिता कल्पना लिहाव्यात. हे महत्त्वाचे आहे. ‘गुरुत्वाकर्षण’ ही एक ओळ फार मोठी होते. ‘मुक्त पतन’, ‘वजन व वस्तुमान’, ‘केप्लरचे नियम’, ‘मुक्तिवेग’ अशा ओळी कराव्यात. प्रत्येक चौकटीत गुण लिहावेत आणि शेजारी प्रश्नाचा प्रकार एका अक्षराने दाखवावा: उ म्हणजे उदाहरण, आ म्हणजे आकृती, का म्हणजे शास्त्रीय कारण, फ म्हणजे फरक. हे काम विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे. प्रश्न वाचून तो कोणत्या कल्पनेत बसतो हे ठरवताना होणारी चर्चा हीच अर्धी उजळणी असते.

कल्पनेप्रमाणे ओळी केल्या की वेगवेगळे वाटणारे प्रश्न एकाच चौकटीत येऊन पडतात. मोहाच्या झाडावरून ५ मीटर उंचीवरून एक फूल सुटले, ते किती वेळात व किती वेगाने जमिनीवर पडेल? गुरुत्व त्वरण १० मी/से² धरले आणि हवेचा रोध सोडून दिला तर वेळ १ सेकंद, वेग १० मी/से. आता वेळ देऊन उंची विचारा. मग हेच फूल चंद्रावर पडले तर, असे विचारा. तेथे त्वरण सुमारे १.६ मी/से², म्हणून वेळ अडीच सेकंद आणि वेग ४ मी/से. परीक्षेत हे तीन प्रश्न तीन वेगळ्या वर्षी येतील आणि ‘आयएमपी’च्या यादीत ते तीन प्रश्न म्हणूनच नोंदले जातील. तक्त्यात मात्र ती एकच ओळ आहे.

ओळी जोडणारे बाणही काढावेत. अपवर्तन कळल्याशिवाय भिंग कळत नाही. उपग्रहाला कक्षेत फिरण्यासाठी लागणारा वेग अवकाश मोहिमांच्या प्रकरणात विचारला जातो, पण त्याचा पाया गुरुत्वाकर्षणात आहे. एखाद्या ओळीचे स्वतःचे गुण थोडे असले आणि तिच्यातून दोन बाण निघत असले, तर ती सोडता येत नाही.

दुसरा तक्ता उत्तरपत्रिकांचा

येथवरचे काम पुष्कळ शाळांतून थोड्याफार प्रमाणात होते. आमच्या मते खरी गफलत यापुढे होते. कोणत्या मुद्द्याला किती गुण मिळतात हे पाहून त्या प्रमाणात तासिका वाटल्या जातात. पण ज्या मुद्द्यावर वर्गाला आधीच गुण मिळत आहेत तेथे तासिका घालवून वाढणार काय? जुन्या प्रश्नपत्रिका अर्धीच माहिती देतात. उरलेली अर्धी पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांत असते, आणि त्या बहुधा गुण चढवून झाल्यावर गठ्ठा बांधून ठेवल्या जातात.

त्याच ओळी घेऊन दुसरा तक्ता करावा आणि त्यात आपल्या वर्गाने कोठे किती गुण गमावले ते लिहावे. आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, गुरुत्वाकर्षणावर सरासरी ७ गुणांचे प्रश्न छापून येतात आणि आपला वर्ग त्यांतले ७० टक्के मिळवतो, म्हणजे २.१ गुण गमावतो. भिंगांवर ५ गुणांचे प्रश्न येतात आणि वर्ग ३० टक्केच मिळवतो; गमावलेले गुण ३.५. अवकाश मोहिमांवर ४ गुण, त्यांतले निम्मे गेले, म्हणजे २. केवळ प्रश्नपत्रिका पाहणारा शिक्षक गुरुत्वाकर्षणापासून सुरुवात करील. दोन्ही तक्ते पाहणारा भिंगांकडे वळेल. पुढची पायरी म्हणजे वेळेचा हिशेब. भिंगांना तीन तासिका देऊन गमावलेल्यांपैकी दोन तृतीयांश गुण परत मिळतील असा अंदाज असेल, तर तासिकेमागे सुमारे ०.८ गुण पडतो. अवकाश मोहिमांच्या एका तासिकेत निम्मी भरपाई झाली तर तासिकेमागे १ गुण. म्हणून आधी ती एक तासिका घ्यावी, मग भिंगांच्या तीन. हे आकडे अंदाजाचेच राहणार. पण अंदाज कागदावर मांडला की तो दुरुस्त करता येतो.

गुण का गेले, हेही उत्तरपत्रिकेतच कळते. भिंगाचे एक उदाहरण पाहू. २० सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्गोल भिंगापासून ३० सेंमीवर वस्तू ठेवली. चिन्ह संकेताप्रमाणे वस्तूचे अंतर ऋण ३० घेतले की प्रतिमा ६० सेंमीवर येते. ते धन घेतले तर उत्तर १२ सेंमी निघते. एखाद्या वर्गात वीस उत्तरपत्रिकांत १२ सेंमी सापडले, तर त्या मुलांना भिंगाचे सूत्र पाठ आहे आणि चिन्ह संकेत कळलेला नाही. तेथे पूर्ण प्रकरण पुन्हा शिकवण्याचे कारण नाही. किरणाकृती काढून, मोजपट्टीने अंतरे मोजून, चिन्हे लावण्याचा एका तासिकेचा सराव पुरे होतो.

आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी एक कारण हमखास दिसते, ते भाषेचे. भामरागड-एटापल्लीकडे मुलाची घरची भाषा माडिया, धानोरा-कोरचीकडे गोंडी किंवा छत्तीसगढी, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीतील वसाहतींत बंगाली, तर जिवतीच्या डोंगरात कोलामी. अशा वर्गाच्या तक्त्यात ‘उ’च्या चौकटींत बरे गुण आणि ‘का’च्या चौकटींत भोपळा असे चित्र दिसले, तर दोष भौतिकशास्त्राच्या समजेत शोधू नये. मे महिन्यात चंद्रपुरात माठातले पाणी गार का होते आणि जुलैत तितके का होत नाही, हे मूल घरच्या भाषेत नीट सांगते. हवा कोरडी असली की बाष्पीभवन जोरात होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता पाण्यातून घेतली जाते, हे त्याला समजलेले असते. ‘सापेक्ष आर्द्रता’ आणि ‘अप्रकट उष्मा’ हे शब्द वापरून तीन मराठी वाक्ये लिहिणे त्याला जमत नाही. अशा वर्गात आधी बोलू द्यावे, मग फळ्यावर सर्वांनी मिळून तीन वाक्ये तयार करावीत: काय घडते, कोणत्या नियमाने घडते, म्हणून काय दिसते. अशी दहा कारणे लिहून झाली की अकरावे मूल स्वतः लिहू लागते.

भाकिताची परीक्षा

एवढे सांगूनही ‘आयएमपी’चा मोह सुटत नसेल तर तो प्रयोगाने तपासावा. हाताशी असलेली सर्वांत अलीकडची प्रश्नपत्रिका पाकिटात बंद करा. उरलेल्यांवरून विद्यार्थ्यांना वीस ‘नक्की येणारे’ प्रश्न काढू द्या. दुसऱ्या गटाला पुस्तकातील स्वाध्यायांच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या करून डोळे मिटून वीस उचलायला सांगा. मग पाकीट उघडून दोन्ही याद्यांतील किती प्रश्न खरोखर आले ते मोजा. दोन्ही गटांच्या यशात किती फरक पडतो ते मुलांनी स्वतः पाहावे. नुसते प्रकरण जुळले तर तो विजय मानायचा नाही, प्रश्न जुळला पाहिजे, ही अट मात्र आधीच ठरवून घ्यावी. नाहीतर प्रत्येक भाकीत खरे ठरते.

बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. बोर्डाने प्रकरणनिहाय गुणभार दिलेला असताना तो जुन्या प्रश्नपत्रिकांतून शोधत बसू नये. राज्याच्या सीईटीत भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न असतात आणि त्यांपैकी सुमारे २० टक्के अकरावीवर, ८० टक्के बारावीवर, हेही जाहीर केलेले असते. नीटच्या बाबतीत कलांवर विसंबण्याचा धोका २०२५ साली ठळकपणे दिसला. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे अनेक विद्यार्थी होते. २०२५ मध्ये देशातील सर्वोच्च गुण ६८६ होते, आणि भौतिकशास्त्राचे प्रश्न लांबलचक व कठीण असल्याची चर्चा सर्वत्र झाली. आधीच्या वर्षांचा कल पाहून भौतिकशास्त्र थोडक्यात आटोपलेल्यांना त्याचा फटका बसला असणार.

तक्त्यातल्या रिकाम्या ओळींचे काय करायचे, हे राहिलेच. समजा, आपल्या तक्त्यात ‘लघुपरिपथन व अतिभार’ या ओळीत एकही गुण पडलेला नाही. लाप्लासच्या नियमाने ती येण्याची शक्यता आठात एक, म्हणजे उजळणीत तिला फार तर पंधरा मिनिटे. ती पंधरा मिनिटे आम्ही अवश्य द्यावीत असे म्हणू. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी कुंपणात वीज सोडल्याने माणसे आणि वाघ मरण पावल्याच्या घटना याच दोन जिल्ह्यांत घडल्या आहेत. ओल्या बांधीत उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून विद्युतधारा जमिनीत कशी जाते आणि साधे वितळतार अशा वेळी त्याला का वाचवू शकत नाही, हे रोधाच्या आणि धारेच्या आकड्यांनिशी सांगता येते. वितळतार वितळण्यासाठी काही अँपिअर धारा लागते. माणसाचा जीव जाण्यास अँपिअरचा दहावा भागही पुरतो. हा हिशेब त्या ओळीपुढे तक्त्यावर लिहून ठेवता येईल.